स्केल पाठ झाली, पण जागा कोण शिकवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीतल्या क्लासेसवर लेख होता, त्यात एका चौकटीत "दोन महिन्यांत लीड गिटार" (म्हणजे गाण्यातली मुख्य सुरावट आणि सोलो वाजवणं) असं छापलं होतं. ते वाचलं आणि राहवेना म्हणून लिहायला बसले. मी ऐरोलीत राहते, लहानपणी गाणं शिकलेय, मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिल्यात, आणि माझी मुलगी गेली तीन वर्षं ठाण्याला नौपाड्यात गिटार शिकायला जाते, म्हणजे ट्रेनने मध्ये एकच स्टेशन, दिघा गाव, की आलंच ठाणे. लेख चांगला होता, पण त्या चौकटीमुळे आईवडिलांचा जो समज होईल ना, त्या समजात आमची दोन वर्षं गेली, ती दुसऱ्या कुणाची जाऊ नयेत एवढंच वाटतं.

झालं असं की मुलीला ब्लूज आणि रॉक वाजवायचं होतं, गाण्यामागे कॉर्ड धरून बसायचं नव्हतं, मधला सोलो तिला वाजवायचा होता. क्लासमध्ये पहिल्या दिवसापासून ए मायनर पेंटॅटॉनिक दिली, म्हणजे पाच स्वरांची एक स्केल, आपल्या आरोह-अवरोहासारखी. पाचव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गळ्यावरचा पडदा), वरच्या जाड तारेपासून खाली, प्रत्येक तारेवर दोन फ्रेट, ५-८, ५-७, ५-७, ५-७, ५-८, ५-८. हे वर-खाली, वर-खाली, आधी मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) ६० ला, मग ८०, मग १२०. आठ महिने हेच. बोटं अशी पळायला लागली की बघणाऱ्याने थक्क व्हावं. आणि एक दिवस रात्री जेवताना ती म्हणाली, "आई मला स्केल येते पण सोलो येत नाही. साथीचा ट्रॅक लावला की मी नुसती वर-खाली फिरत राहते, काय वाजवू तेच कळत नाही." क्लासमध्ये विचारलं तर टॅबचा कागद मिळाला. टॅब म्हणजे सहा रेघा आणि त्यावर फ्रेटचे आकडे, ते बघून बोट ठेवायचं. तिने तो सोलो दोन महिन्यांत उतरवला, हुबेहूब, आणि कागद बाजूला केला की परत शून्य.

ज्यांनी गाणं शिकलंय त्यांना लगेच लक्षात येईल इथे काय राहिलं ते. मला मात्र लक्षात यायला वेळ लागला, कारण मी गिटार म्हणजे आपला प्रांत नाही असंच धरून चालले होते.

एका संध्याकाळी मी मेथी निवडत बसले होते आणि ती आत दुसरा बॉक्स वाजवत होती, म्हणजे त्याच स्केलची गळ्यावरची दुसरी मांडणी, आठव्या फ्रेटपासून सुरू होतो तो. आणि माझ्या तोंडून आपोआप सा रे ग प ध निघालं. सा रे ग प ध सां, सां ध प ग रे सा. मी तशीच उठून आत गेले, म्हटलं, "अगं हा भूप आहे." ती म्हणाली "नाही आई, हे ए मायनर पेंटॅटॉनिक आहे." दोघींचंही बरोबर होतं. स्वर तेच पाच, इंग्रजी नावांनी ए सी डी ई जी. सी ला सा मानलं की भूप, ए ला सा मानलं की सा, कोमल ग, म, प, कोमल नि, म्हणजे धानी. मग आम्ही दोघी जमिनीवर बसलो आणि एकेक बॉक्स घेऊन बघितला. डी पासून सुरू केलं तर मेघचे स्वर, ई पासून मालकंस, जी पासून दुर्गा. स्वर तेच ठेवून सा बदलण्याला आपल्याकडे मूर्च्छना म्हणतात, मी परीक्षेला व्याख्या पाठ केली होती पण कानाने कधी अनुभवली नव्हती. गिटारच्या गळ्यावर जे पाच बॉक्स मुलं आकडे म्हणून घोकतात ते आपले पाच राग आहेत हो! मेथी तशीच राहिली त्या दिवशी.

आता मुद्दा. भूपाचे स्वर कुणालाही दहा मिनिटांत सांगता येतात, म्हणून भूप आला असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही. भूप आणि देशकार, दोघांचे स्वर तेच पाच, एकही इकडचा तिकडे नाही. पण भूपात गंधारावर थांबतात, देशकारात धैवत बोलतो, चाल वेगळी, जागा वेगळ्या, म्हणून राग वेगळे. म्हणजे आरोह अवरोह ही फक्त हद्द झाली, राग कळतो तो पकडीतून आणि जागांतून, म्हणजे त्याची ओळख पटवणाऱ्या छोट्या छोट्या स्वरवाक्यांतून. आमच्या बाई पहिल्या दिवसापासून छोटी छोटी वाक्यं गाऊन घ्यायच्या, ग रे सा ध, सा रे ग, त्या म्हणायच्या आणि आम्ही मागून. वही बंद. कुठलीही जागा कागदावर आली ती गळ्यात बसल्यावर.

गिटारवाले ज्याला लिक म्हणतात ना, ती हीच जागा. चार-पाच स्वरांचं एक वाक्य, त्याला सुरुवात आहे, त्यात एखादा स्वर ओढलेला आहे, आणि शेवटी कुठेतरी टेकणं आहे. स्केल पाठ करून लिक सुचत नाहीत, अशा पंधरा-वीस जागा कानात आणि बोटांत आधी बसाव्या लागतात, मग त्या मोडून जोडून स्वतःचं काही निघतं. हे क्लासमध्ये जवळजवळ कुणी शिकवत नाही असा माझा अनुभव आहे, आणि मी मुलीसाठी ठाणे, ऐरोली, वाशी मिळून चार ठिकाणी जाऊन बसून बघितलंय.

एक जागा इथे नीट सांगते, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. तानपुऱ्याचं ॲप पांढरी सहाला लावा, म्हणजे ए. (बायकांना गायला हा सूर सोयीचा पडतो, माझा काळी पाच आहे, अर्धा सूर खाली आलं की झालं.) गिटारची तिसरी तार (खालच्या बारीक तारेपासून मोजून), जी ची, तिच्यावर सातवा फ्रेट, हा डी म्हणजे आपला म. तो वाजवायचा आणि तार वर ढकलून प पर्यंत न्यायची, पूर्ण एक सूर. मग दुसऱ्या तारेवर पाचवा फ्रेट, तो प च आहे. मग पहिल्या तारेवर पाचवा, तो तार सा. झालं, म ओढून प, परत प, सां. रॉक अँड रोल ज्याने थोडं जरी ऐकलंय त्याने ही जागा शेकडो वेळा ऐकलेली असते. आता उतरायचं. दुसऱ्या तारेवर आठवा नि, पाचवा प, तिसऱ्या तारेवर सातवा म, पाचवा ग, आणि चौथ्या तारेवर सातव्या फ्रेटला सा वर येऊन थांबायचं. नि प म ग सा. धानीचा अवरोह आहे सरळ. पण त्या ग ला हलकंसं, पाव सूर, वर ढकलायचं, अगदी किंचित, आणि सा वर आल्यावर घाई न करता तो सा हलवत ठेवायचा. एवढंच. हे आधी दहा वेळा गा, मग वाजवा. माझ्या मुलीला हे एक वाक्य बसायला आठ दिवस लागले, आणि त्या आठ दिवसांत तिला जे आलं ते आधीच्या आठ महिन्यांत नव्हतं आलं.

तार ओढणं, ज्याला ही मुलं बेंड म्हणतात, यावर थोडं जास्त लिहिते कारण सगळा जीव तिथेच आहे आणि सगळ्यात जास्त बेसूर पण तिथेच होतं. मुलं तार ढकलतात पण कुठपर्यंत ढकलायची हे कानात नसतं. अर्धवट राहते, प च्या खाली लोंबकळते, आणि ट्रॅकवर ते ऐकून घरातल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. उपाय सोपा आहे. आधी दुसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट वाजवायचा, तो प ऐकायचा, तोंडाने धरायचा. मग तिसऱ्या तारेचा सातवा वाजवून ढकलत ढकलत त्या प ला नेऊन भिडवायचा. दोन्ही तारा एकत्र वाजवल्या तर सूर जुळेपर्यंत घरघर अशी लाट ऐकू येते, जुळला की ती लाट थांबते, तानपुरा लावताना होतं तसंच. आणि एका बोटाने ओढायचं नाही, तिसरं बोट फ्रेटवर, त्याच्या मागे पहिलं आणि दुसरं आधाराला त्याच तारेवर, अंगठा वरून गळ्याला धरलेला, आणि जोर बोटांचा नाही तर मनगट फिरवून. सतारवाले तार खेचून मींड घेतात, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तोडता सरकतात, ते जवळून बघितलं की हे लगेच समजतं. मींडेशिवाय गाणं जसं कोरडं तसंच हे.

ब्लूजमध्ये अजून एक गोष्ट आहे जी ऐकून माझा कान आधी बिथरला होता. मागे कॉर्ड वाजते ए सेव्हन, त्यात शुद्ध गंधार आहे, आणि वर स्केलमधला गंधार कोमल. दोन्ही एकाच वेळी! मी मुलीला म्हटलंसुद्धा की तुझं काहीतरी चुकतंय. चुकत नव्हतं. ब्लूजची ती चवच आहे, गंधार ना पूर्ण कोमल ना पूर्ण शुद्ध, मधेच कुठेतरी, पियानोच्या पट्टीत न सापडणारा, आणि म्हणून तो पाव सूर ढकलायचा. आपल्याकडे जोग आहेच की, जाताना शुद्ध गंधार, येताना कोमल. जोग मनापासून ऐकणाऱ्याला ब्लूज परका वाटायचं कारण नाही. हार्मोनियमवर मींड निघत नाही, श्रुती म्हणजे स्वरांमधले बारीक सूर सापडत नाहीत, याच कारणाने १९४० पासून कित्येक वर्षं आकाशवाणीवर तिला बंदी होती. गिटारचेही पडदे ठरलेले आहेत, पण तार ढकलता येते आणि त्या ढकलण्यातूनच हे संगीत गायला लागतं. याशिवाय एक स्वर जास्तीचा घेतात, म आणि प च्या मधला, पाचव्या तारेवर सहावा फ्रेट नाहीतर तिसऱ्या तारेवर आठवा, त्याला ब्लू नोट म्हणतात. तो नुसता घासून जायचा, त्यावर बसायचं नाही, मुलं बसतात आणि मग कडू लागतं.

हे सगळं आलं कुठून ते पण मुलांना सांगायला हवं असं मला फार वाटतं. अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांत राबणाऱ्या काळ्या लोकांचं हे गाणं. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, आपल्याकडे भलरी म्हणतात तशीच. मडी वॉटर्स हे ब्लूजचे गायक-गिटारवादक १९४३ ला मिसिसिपी सोडून शिकागोला गेले, शहराच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना तेव्हा इलेक्ट्रिक हातात घेतली, आणि तिथून पुढे त्या रेकॉर्डी ऐकून इंग्लंडची पोरं शिकली, एरिक क्लॅप्टनसारखी, आणि रॉकचा लीड गिटार उभा राहिला. यातल्या बहुतेकांनी कागदावरून काही शिकलेलं नाही, जिमी हेंड्रिक्ससारख्या रॉकच्या नामांकित गिटारवादकाला तर नोटेशन वाचताच येत नव्हतं. सगळं ऐकून, परत मागे नेऊन, परत ऐकून. आता तर फोनवर सूर न बदलता गाणं निम्म्या वेगाने लावता येतं, पूर्वी ती सोय नव्हती, रेकॉर्डचा वेग कमी केला की सूरही खाली जायचा, तरी त्यांनी केलं.

ब्लूजचे गायक-गिटारवादक बी. बी. किंग यांचं मुद्दाम सांगते. १९२५ चा जन्म, २०१५ ला गेले, गिटारचं नाव ल्युसिल. ते नाव कसं पडलं तर आर्कान्सामधल्या एका गावात ते वाजवत असताना दोन माणसांची मारामारी झाली, रॉकेलचं पिंप कलंडून आग लागली, सगळे बाहेर पळाले, आणि हे आपली गिटार आणायला परत आगीत शिरले. नंतर कळलं की भांडण ल्युसिल नावाच्या बाईवरून होतं, पुन्हा असा वेडेपणा करायचा नाही याची आठवण म्हणून गिटारला तेच नाव. पण मला त्यांचं वेगळंच भावतं. ते गाताना गिटार वाजवत नसत. एक ओळ गायची, थांबायचं, मग गिटारने त्या ओळीला उत्तर द्यायचं. भजनात बुवा ओळ टाकतात आणि मंडळी उचलतात तसं, फक्त इथे बुवाही तेच आणि मंडळीही तेच. आणि उत्तर केवढं, तर कधी कधी तीन स्वर. शेवटचा स्वर डाव्या हाताने असा हलवायचे की माणूस बोलल्यासारखा वाटे. स्वर कमी आणि मधे श्वास. माझ्या मुलीच्या वयाची मुलं श्वासच घेत नाहीत वाजवताना, कारण बोटांना दम लागत नाही. म्हणून मी तिला सांगितलं, वाजवताना मनात गात जा, जिथे तुझा श्वास संपेल तिथे हात थांबव. लगेच फरक पडला.

बारा बारचं ब्लूज (बार म्हणजे चार मात्रांचा एक भाग) पण आपल्या आवर्तनासारखं समजावता येतं. ए चे चार बार, डी चे दोन, परत ए चे दोन, मग ई एक, डी एक, ए एक आणि शेवटचा बार परत सुरुवातीकडे ओढून नेणारा. सा, म आणि प वरच्या तीन कॉर्ड, बस. शब्दांतही पहिली ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, तिसरी ओळ उत्तराची. मुलं मात्र बार न मोजता वाजवत सुटतात, सम कुठे आहे याचा पत्ता नसतो. टाळी देत नुसतं बारा बार ऐकायची सवय लावली आधी, गिटार हातात न घेता, तर अर्धं काम होतं.

आईवडिलांसाठी एक छोटी पण कामाची गोष्ट. आपण दुकानात जाऊन मोठ्या पोटाची अकूस्टिक गिटार आणतो, तिला बारा गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा) जाड तारा असतात आणि तिसरी तार गुंडाळलेली असते. त्यावर बारा वर्षांच्या पोराने पूर्ण सूर ओढायचा म्हणजे बोट कापणार, सूर काही पोचणार नाही, आणि पोर म्हणणार मला जमत नाही. मुलाला लीडच वाजवायचं असेल तर साधी इलेक्ट्रिक आणि नऊ गेजच्या तारा, आणि आवाज वाढवणारा छोटा अँप हेडफोन लावता येईल असा, म्हणजे सोसायटीतही कुणाची तक्रार नाही. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात, खाडीच्या हवेत, तारा पंधरा दिवसांत गंजतात, वाजवून झालं की सुती फडक्याने पुसायच्या. गंजलेल्या तारेवर बेंड होत नाही, बोट अडकतं.

शेवटी मला तुमच्या पेपरातून एक विनंती करायचीय, ठाणे आणि नवी मुंबईतल्या दोन्ही प्रकारच्या शिक्षकांना. माझ्या ओळखीची एक बिल्डिंग आहे, वरच्या मजल्यावर गाण्याचा क्लास, खालच्या मजल्यावर गिटारचा. वर भूप चालू असतो, खाली पेंटॅटॉनिक, तेच पाच स्वर, जिन्यात उभं राहिलं तर दोन्ही एकदम ऐकू येतात, आणि दोन्हीकडची मुलं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. महिन्यातून एक शनिवार या मुलांना एकत्र बसवा. गाण्याच्या मुलांनी जागा घ्यायची, गिटारच्या मुलांनी कानाने उचलून ती तारेवर काढायची, मग उलट, गिटारवर ब्लूजची लिक आणि गाणाऱ्यांनी सरगम सांगायची. वाशीला तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू आहे, गाण्याच्या परीक्षांमुळे घराघरात सरगम पोचलेली आहे, एवढी तयार जमीन आपल्याकडे आहे. आणि ब्लूज ऐकणारे पण आहेत, २०११ ला वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिवल सुरू झाला तेव्हा पहिल्याच वर्षी शिकागोचे ब्लूज गिटारवादक बडी गाय येऊन वाजवून गेले, आणि तिथे ऐकायला ठाण्याहून, नवी मुंबईहून पोरं जातात.

आणि क्लासच्या सरांना मनापासून सांगते, तुमच्या कष्टांबद्दल शंका नाही, एकेका बॅचला पंधरा मुलं असतात आणि आईवडील दर महिन्याला "काय शिकला" म्हणून विचारतात, मग टॅब देणं सोपं पडतं. पण महिन्याला तीनच लिक द्या, तोंडाने म्हणून घ्या, आणि त्याच तीन लिकवर मुलांना एकमेकांशी सवाल-जवाब करू द्या. फोनवर रेकॉर्ड करून मुलांनी स्वतःचं ऐकलं की सूर कुठे कमी पडला ते त्यांचं त्यांनाच कळतं.

आम्ही आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये येत्या शनिवारपासून हे सुरू करतोय, संध्याकाळी पाच ते सात, आत्ता चार मुलं गाणारी आणि तीन गिटारवाली आहेत. तानपुरा पांढरी सहाला लावून ठेवणार आहोत, आणि पहिल्या दिवशी वर सांगितलेली तीच एक जागा घ्यायची ठरलंय, म ओढून प.

आपली,
एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई